कोठीतले पुडके आणि लक्कम्मांचा प्रश्न



या महिन्याच्या निरूपणात आयदक्की मारय्या व लक्कम्मा या शरणदंपतीचे स्मरण करावयाचे आहे. निमित्त मात्र अगदी घरगुती आहे. बालाघाट जिल्हा हा धानाचा मुलूख. १९५६ पर्यंत तो नागपूरबरोबर एकाच प्रांतात होता, आणि लांजी, वारासिवनी, कटंगी या भागांत मराठी बोलणारी घरे आजही नांदत आहेत. भरवेली, उकवा, तिरोडीच्या मँगनीज खाणींची मजुरी असो, तेंदूपत्त्याचे पैसे असोत की धानाची विक्री, वर्षानुवर्षे पैसा हाती आला तो रोख. त्यातला थोडा घरातल्या बाईने बाजूला काढला, धानाच्या कोठीत किंवा जुन्या लुगड्याच्या घडीत ठेवला. ती माउली लिंगैक्य होते, पुढे कधी घर पाडायला निघते आणि पुडके हाती लागते. मग मंडळी विचारतात, याचे काय करावे?

'आयदक्की' म्हणजे वेचलेले तांदूळ. मारय्या अमरेश्वराहून कल्याणला आले. महात्मा बसवेश्वरांच्या महामनेच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचावेत, त्यातून दासोह करावा, हे त्यांचे कायक. एके दिवशी मुद्दाम जास्त तांदूळ सांडले गेले आणि मारय्या भरलेली झोळी घेऊन घरी आले. लक्कम्मांनी झोळीत पाहिले आणि हे जास्तीचे कोठून आले, असे विचारले. रोजच्या गरजेपुरते ठेवून बाकीचे होते तेथे परत टाकायला लावले. तांदूळ चोरीचे नव्हते, कुणी हरकतही घेतली नव्हती. तरी प्रश्न पहिला. आपण पुडके सोडले की आधी मोजू लागतो. लक्कम्मांनी आधी विचारले, हे कोणाचे?

येथे एक शंका येते. उद्यासाठी साठवणे हेच शरणांना मान्य नव्हते. मग साठवणारी आई चुकली काय? आमचे मत स्पष्ट आहे: नाही. कल्याणच्या शरणांना उद्याची चिंता नव्हती, कारण महामनेत दासोह चालू होता. जिच्या घरी दासोह नाही, नवऱ्याच्या हाती पैसा टिकत नाही, मुलीचे बाळंतपण तोंडावर आहे, तिला ते माप कसे लावावे? तिने कुणाचे हिरावले नाही, स्वतःच्या तोंडचा घास राखला. तिची कोठी हीच तिची बँक होती. नोव्हेंबर २०१६ मध्ये अशा कितीतरी बायकांना आपले गुपित घरच्यांपुढे उघडे करावे लागले. गृहिणींनी अडीच लाखांपर्यंतची रक्कम खात्यात भरल्यास विचारणा होणार नाही, असे सरकारने तेव्हा सांगितले होते. पण ज्या सांगण्याआधीच गेल्या किंवा ज्यांना आठवले नाही, त्यांची पुडकी तशीच राहिली.

म्हणून ते धन तिचे. तिच्यानंतर कोणाचे? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या दुसऱ्याच कलमात वीरशैव व लिंगायत यांचा नावानिशी उल्लेख आहे, तेव्हा तो आपणांसही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर स्त्रीची मिळकत प्रथम तिचे मुलगे, मुली आणि पती यांच्याकडे समान वाट्याने जाते. आधी वारलेल्या मुलाच्या वा मुलीच्या लेकरांचाही त्यात हिस्सा असतो. घर भावांचे म्हणून पुडकेही भावांचे, हा हिशेब खोटा आहे. गोंदियाला दिलेल्या लेकीला बोलावल्यावाचून गाठ सोडू नये. बहुधा तिच्यासाठीच ते राखलेले असते.

आता नोटांविषयी. १००, ५०, २०, १० च्या जुन्या नोटा, २००५ पूर्वीच्यासुद्धा, कायदेशीर चलन आहेत. वाळवीने खाल्लेल्या असतील तरी फेकू नयेत. ५० व त्यावरील नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून अधिक असेल तर पूर्ण, ४० ते ८० टक्के असेल तर अर्धी किंमत मिळते. दोन हजारांच्या नोटा १९ मे २०२३ रोजी चलनातून परत घेण्याचे जाहीर झाले. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर त्या साध्या बँकेत न घेता रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांतच घेतल्या जाऊ लागल्या. त्यांत नागपूर व भोपाळ आहेत. टपालाने पाठवून रक्कम खात्यात जमा करून घेण्याचीही सोय करण्यात आली.

पाचशेची नोट मात्र नीट पाहावी. लाल किल्ल्याची करड्या रंगाची असेल तर चालू. दांडीयात्रेचे चित्र असलेली जुनी पाचशेची आणि जुनी हजाराची ८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्री बाद झाली. देशात असलेल्यांना ती बँकेत भरण्याची मुदत ३० डिसेंबर २०१६ ला संपली. २०१७ च्या कायद्याने अशा दहापेक्षा अधिक नोटा जाणूनबुजून बाळगणे गुन्हा ठरवले (अभ्यासक व संग्राहकांना २५ पर्यंत सूट आहे). दंड दहा हजार रुपये किंवा दर्शनी किमतीच्या पाचपट, यांतील जे जास्त असेल तेवढ्यापर्यंत. २ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोटबंदी ४ विरुद्ध १ मताने वैध ठरवली. कमिशनवर बदलून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. नोट मेली आहे, तो तुमची उरलेली जिवंत रक्कम नेईल.

काही सद्भक्त विचारतात, बाद नोटा मठाच्या दासोहपेटीत टाकल्या तर? तिरुपतीच्या हुंडीतही मुदतीनंतर अशा नोटा पडल्या होत्या. आमच्या पेटीत त्या टाकू नयेत. ज्याने कुणाचे पोट भरत नाही तो दासोह नव्हे, आणि तुमच्या घरचा कायद्याचा पेच मठाच्या दारात आणून ठेवण्यात भक्ती कसली? सर्व वारसांसमक्ष मोजावे, कागदावर लिहून सह्या घ्याव्यात. आईची आठवण म्हणून सर्व मिळून दहाच्या आत ठेवाव्यात. बाकीच्यांचे काय करावे हे वकिलाला विचारून तत्काळ उरकावे. पुन्हा कोठीत ठेवू नयेत.

पुडके भिंतीत लपवलेले किंवा जमिनीत पुरलेले निघाले आणि त्यात नाणी वा दागिने असतील, तर १८७८ चा निखात निधी कायदा पाहावा लागेल. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास कलेक्टरास लेखी कळवावे, असे तो सांगतो. आणि दोन हजारांच्या नोटा घेऊन नागपूरला जाणाऱ्यांनी ओळखपत्र व बँकेचे पासबुक बरोबर न्यावे.