अंतकाळी आठवण कोणी ठेवायची?

अंतकाळी मनात जे असेल तशी गती मिळते, असं गीतेचा आठवा अध्याय सांगतो. म्हणून तर आपल्याकडे शेवटच्या घटकेला माणसाच्या कानात नाम सांगतात. मग ज्याच्या मनात स्वतःचं नावही उरलेलं नाही, त्याचं काय? देशात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज 2023 साली आला. तेवढ्या घरांपुढे हा प्रश्न आहे.

आमच्याही होता. आमचे आप्पा माळकरी होते. सारी नोकरी पालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर, देवनारच्या डम्पिंगवर. गोवंडीच्या आमच्या खोलीत शेवटी शेवटी त्यांच्या तोंडी विठ्ठल नव्हता, मुकादम होता. पहाटे अंधारात उठून बसायचे, चपला शोधायचे. "मुकादम आला का? माझी हजेरी लावली का?" गावाकडचे पाहुणे हळहळायचे, "आप्पा, देवाचं नाव घ्या." आणि लगेच, "मला ओळखलंत का?" आप्पा कावरेबावरे व्हायचे, कोपऱ्यात सरकायचे.

आई म्हणायची, "लागली हजेरी. खाडा नाही पडला. पडा आता." ते निवांत झोपायचे. भाऊ म्हणायचा, हे खोटं आहे. मला नाही वाटत. त्यांची हजेरी आयुष्यभर लागलीच होती, आई तेवढंच सांगत होती.

शेजारच्या खाला एकदा म्हणाल्या, आमच्यात मानतात की ज्याची शुद्धबुद्ध गेली, त्याच्या कर्मांचा हिशेब लिहिणारी लेखणी थांबते. मला फार बरं वाटलं. आपल्याकडेही उत्तर आहे, कीर्तनात ते क्वचितच ऐकू येतं. दक्षिणेतले वैष्णव वराहाचा चरमश्लोक जपतात. त्यात भगवंत म्हणतो, मन धड असताना ज्याने माझं स्मरण केलं, तो अखेरीस लाकडादगडासारखा पडला तर त्याची आठवण मी ठेवतो. गीतेच्याच पंधराव्या अध्यायात कृष्ण सांगतो की आठवण माझ्याकडून येते, आणि तिचं जाणंही माझ्याकडूनच. असं असेल तर आप्पांनी परीक्षा कसली द्यायची? स्मरण आता आम्ही करायचं. आम्ही हरिपाठ म्हणायचो. शब्द गेले होते, तरी त्यांची बोटं चादरीवर ठेका धरायची.

आणखी एक सांगायलाच हवं. या आजारात अखेरीस गिळणं जातं. मायेने पाजलेलं चमचाभर गंगाजलही श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. आम्ही ओल्या कापसाने ओठ भिजवले, तुळशीचं पान ओठांवर टेकवलं. विधी त्याने उणा झाला नाही. अखेरच्या दिवसांत रुग्णाला सांभाळणारी, बांद्र्याच्या शांती आवेदना सदनासारखी जागा 1986पासून आहे, पण ती कॅन्सरच्या रुग्णांसाठी. आप्पांसारख्यांची अखेर बहुधा घरच्यांच्याच हाती असते.

तेव्हा अशा माणसाला भेटायला जाल तर "ओळखलंत का?" विचारू नका. आपलं नाव आपणच सांगा, हात हातात घ्या आणि त्याला मुकादमाबद्दल बोलायचं असेल तर मुकादमाबद्दल बोला.