न दिलेले घेणे: एका गृहपाठाच्या निमित्ताने

बुइटनव्हेल्डर्टमधल्या आमच्या घरी गेल्या महिन्यात एका गृहपाठावरून वाद झाला. माझी मुलगी विद्यापीठात रशियन शिकते. तिचा निबंध वर्गातल्या एका मैत्रिणीने तपासून दिला. ती मैत्रीण घरी रशियनच बोलते. तिने विभक्तीचे प्रत्यय बदलले आणि निम्मी वाक्ये नव्याने लिहिली. मुलगी तो निबंध तसाच स्वतःच्या नावाने देणार होती. म्हणाली, "बाबा, यात चोरी कुठे आहे? तिने स्वतःहून दिलं."

मी पटकन बोलून गेलो, "आपल्या मुलांकडे बोट दाखवायला लोक टपलेलेच असतात. त्यांना संधी देऊ नकोस." मग माझी मलाच लाज वाटली. लोक काय म्हणतील ही भीती म्हणजे शील नव्हे. शिवाय इंजिनिअरिंगला असताना मी स्वतः काचेखाली दिवा लावून मित्राच्या ड्रॉइंग शीट गिरवल्या आहेत. 'जीटी मारणे' म्हणायचो आम्ही, तेही हसत. हे मी तिला कधीच सांगितले नव्हते. त्या रात्री सांगितले.

मग आम्ही दुसऱ्या शीलाकडे वळलो. अदिन्नादान म्हणजे न दिलेले घेणे. मैत्रिणीने वाक्ये दिली, हे खरे. पण गुण देतात शिक्षक, आणि ते मुलीला स्वतःला जे येते त्यासाठी देतात. दुसऱ्याच्या वाक्यांवर मिळालेले गुण हे न दिलेलेच. वर आपले नाव घातले की चौथे शीलही मोडते. इथल्या विद्यापीठांच्या नियमांत उतरवू देणाराही दोषी ठरू शकतो, म्हणजे आपल्या सोयीपायी मैत्रीण अडचणीत.

मग एकमेकांना मदत करूच नये का? तसे नाही. कल्याणमित्र म्हणजे अर्धे धम्मजीवन, असे आनंद म्हणाला तेव्हा भगवंतांनी त्याला सुधारले: अर्धे नव्हे, संपूर्ण. रशियनमध्ये सहा विभक्ती आहेत. मराठी माणसाला विभक्ती नवी नाही, तरी ते प्रत्यय तोंडात बसायला सोबत लागतेच. मैत्रिणीने उच्चार ऐकावा, चुकीखाली रेघ ओढावी, नियम समजावावा. दुरुस्ती ज्याची त्याने करावी. वही मिटल्यावर आपल्यापाशी काही उरले, तर ती मदत. संगणकाच्या भाषांतरालाही हीच कसोटी लावा. कशाची मुभा आहे हे ठाऊक नसेल तर शिक्षकांना आधी विचारा, आणि घेतलेली मदत उघड सांगा.

इथे धर्मानंद कोसंबींची आठवण येते. गोव्यातल्या साखवळचे कोसंबी 1910 मध्ये विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी हार्वर्डला गेले. हेन्री क्लार्क वॉरन यांनी सुरू केलेले हे काम 1899 मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिले होते. श्रेय कोणाला यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि कोसंबी मायदेशी परतले. पुढे पुन्हा जाऊन त्यांनी ते काम तडीस नेले. ते रशियनही शिकले होते, आणि 1929 मध्ये लेनिनग्राडला जाऊन त्यांनी पाली शिकवली. 1947 मध्ये ते गेले. हार्वर्डची आवृत्ती 1950 मध्ये निघाली, तीत संपादक म्हणून वॉरन आणि सुधारून सिद्ध करणारे म्हणून कोसंबी, अशी दोन्ही नावे आहेत. एका कामाला दोघांचे हात लागले यात कमीपणा नव्हता. कोणाचा हात कुठे, हे खरे सांगणे महत्त्वाचे होते.

भगवंतांनी राहुलला आरशाचा दृष्टांत दिला. कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर स्वतःकडे पाहा, असे शिकवले. लोकांकडे पाहा, असे नाही.

मुलीने निबंध पुन्हा लिहिला. तो लाल खुणांनी भरून परत आला. आता त्या एकेक चुका घेऊन ती मैत्रिणीजवळ बसते.

तुमच्या घरातही कोणी शिकत असेल. आज त्याला गुण विचारू नका. काय समजले ते विचारा, आणि आपली एखादी 'जीटी' असेल तर तीही त्याला सांगा.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय, जय भीम!