लेकरांच्या हातची भाकरी

गृहस्थाश्रम हा इतर तिन्ही आश्रमांचा आधार आहे, असे धर्मशास्त्र सांगते. आणि गृहस्थाश्रमाचा आधार कोणता म्हणाल, तर घरातली चूल. ब्रह्मचारी काय, वानप्रस्थ काय, संन्यासी काय, सगळे याच चुलीवरच्या अन्नावर जगतात. मग त्या चुलीशी घरातल्या लेकरांचा संबंध किती असावा? ताट पुढे ओढण्यापुरता, की त्याहून काही अधिक?

कीर्तन आटोपून मंडळी टेकली की हा प्रश्न अलीकडे आमच्या कानी वेगवेगळ्या रूपांनी येतो. एखादे गृहस्थ म्हणतात, "महाराज, पोरं जेवताना मान वर करीत नाहीत, हातात तो मोबाईल असतो." एखादी माउली म्हणते, "अर्धं पानात टाकतात, नि वर नावंही ठेवतात." आमच्या मते या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच. जे अन्न होताना पाहिले नाही, त्याचे मोल जेवताना कळावे कसे? म्हणून आमचे म्हणणे असे की, रात्रीचा साधा स्वयंपाक लेकरांना बरोबर घेऊन करावा. पिठले-भाकरी असो, मुगाची खिचडी असो, मुलगा असो वा मुलगी असो.

यावर पूर्वपक्ष उभा राहतोच. मूल हाताशी घेतले की अर्ध्या तासाच्या कामाला तास लागतो. पीठ सांडते. विस्तवाचे भय आहे. अभ्यास बुडतो. आणि शेवटी हळूच, "मुलग्याचं स्वयंपाकघरात काय काम?" एकेकाचा विचार करू.

आधी शास्त्र काय म्हणते ते पाहू. तैत्तिरीय उपनिषदात भृगू आपल्या पित्याकडे, वरुणाकडे, ब्रह्म विचारायला जातो. तप करून त्याला पहिले ज्ञान झाले ते हे की, अन्न हेच ब्रह्म. पुढे प्राण, मन, विज्ञान अशा पायऱ्या चढत तो आनंदापर्यंत पोहोचला. पण नवल असे, की आनंदाला पोहोचल्यावरही उपनिषद पुन्हा अन्नाकडे वळते आणि नियम घालून देते: अन्नाची निंदा करू नये, अन्न टाकू नये, अन्न वाढवावे, दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये. छांदोग्यातही तीच तऱ्हा. उद्दालकाने आपल्या पुत्राला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस केवळ पाण्यावर ठेवले. नंतर वेद म्हणायला सांगितले तर त्याला काही आठवेना. जेवून आला तेव्हा सारे आठवले. मन अन्नाचे बनते, हे त्या बापाने ताटाच्या आधारे शिकवले. तेव्हा स्वयंपाकघरात अभ्यास बुडतो, हे म्हणणे आम्हाला काही पटत नाही. तिथे एक निराळा पाठ चालू असतो.

दुसरी गोष्ट पंचसूनांची. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा, या पाच ठिकाणी गृहस्थाच्या हातून नकळत जीवहिंसा होते. तिच्या निष्कृतीसाठी पंचमहायज्ञ सांगितले आहेत. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. जेवणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर ऋण आहे. खाणारे पाच आणि राबणारी एकटी माय, ती शेवटी उरलेसुरले खाणार, अशी घरची रीत असेल तर खाणाऱ्यांचे ऋण कोण फेडणार? केवळ आपल्यासाठी शिजवणारा पाप खातो, असे भगवंतांनी गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. मग केवळ खाणाऱ्याचे काय, हे ज्याचे त्याने ओळखावे!

आता मुख्य मुद्दा. लेकराला स्वयंपाकात घ्यायचे म्हणजे काय करायचे? पुष्कळ घरी कणकेचा एक गोळा देऊन मुलाला कोपऱ्यात बसवतात. तो चिमण्या करतो, बाहुल्या करतो, आणि खरा स्वयंपाक इकडे परभारे होतो. हे खेळणे झाले, सेवा नव्हे. आणि लेकरू हे पुरते ओळखून असते, बरं का! त्याला खरे काम द्यावे, ज्यावर कुणाचे तरी जेवण अवलंबून आहे.

नामदेवरायांची बाळपणीची कथा आपण सारे जाणतो. वडील घरी नाहीत म्हणून नैवेद्य घेऊन लेकराला राउळात धाडले. मोठ्या माणसांना ठाऊक असते की नैवेद्य दाखवायचा आणि परत आणायचा. पण लेकराने काम खरे मानले. देवाने जेवलेच पाहिजे, म्हणून ते हटून बसले, आणि देव जेवले. या कथेतला चमत्कार सगळेच सांगतात. आम्हाला त्यातली लेकरावर टाकलेली खरी जबाबदारी मोठी वाटते.

सोलापूरकडे एका सप्ताहात आम्ही एका घरी जेवायला होतो. नऊ वर्षांच्या नातवाने एक भाकरी थापली होती. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला चिरलेली, कडा नकाशासारख्या. आजीने ती बाजूला सारली, म्हणाली, "महाराजांना नको ती, चांगली वाढा." मुलाचा चेहरा उतरला. आम्ही ती मागून घेतली आणि पिठल्याबरोबर सगळी खाल्ली. मग आजीने खरा प्रश्न विचारला: "पण महाराज, देवाला नि अतिथीला उत्तम तेच द्यावं ना?"

प्रश्न मार्मिक आहे. 'भाव असला की झाले' असे सांगून आम्ही सुटू शकलो असतो. पण ते उत्तर अर्धे आहे. कच्ची डाळ भक्तिभावाने वाढली तरी पोट दुखायचे ते दुखतेच. उत्तम तेच द्यावे हे खरे. मात्र उत्तम म्हणजे करणाऱ्याच्या शक्तीतले उत्तम. त्या मुलाची ती भाकरी त्याच्या शक्तीतली उत्तम होती, म्हणून ती नैवेद्यालाही चालेल. पुढच्या महिन्यात तीच भाकरी तशीच जाड राहिली आणि घरच्यांनी 'वा, वा' म्हटले, तर मात्र ते लेकराचे नुकसान. म्हणून आम्ही त्याला जवळ बसवून सांगितले, "बाळ, भाकरी गोड लागली. ती चिरली का, ते आता आजीला विचार."

आजीने सांगितले ते साऱ्यांनी ऐकण्याजोगे होते. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, मग भाकरी थापताना तुटते. त्याला कढत पाणी लागते, आणि तळहाताने रगडून मळावे लागते. एकदम सगळे पीठ भिजवून चालत नाही, एकेका भाकरीपुरते घ्यावे. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकताच उलटायची, मग विस्तवावर टम्म फुगते. घराचेही असेच आहे. माणसे एका छपराखाली ठेवली म्हणून एकजीव होत नाहीत. थोडी ऊब लागते, आणि रोजचे मळणे लागते.

मुलग्याचे काय काम, असे विचारणाऱ्याने जनाबाईचे चरित्र आठवावे. तिच्या जात्याला हात लावायला पंढरीचा राणा स्वतः आला, अशी आपली श्रद्धा. देवाला दळताना लाज वाटली नाही, मग आपल्या पोरांना भाकरी थापताना का वाटावी? आळंदीची ती चार भावंडे पाहा. आईबाप नाहीत, गावाने खापर मिळू दिले नाही. तेव्हा ज्ञानोबांनी पाठ तापवली आणि मुक्ताईने त्यावर मांडे भाजले. भाऊ-बहिणीने मिळून केलेला तो स्वयंपाक संप्रदायाच्या हृदयात कायमचा राहिला आहे.

पण इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही 'बरोबर' म्हणतो, 'ऐवजी' म्हणत नाही. दहा वर्षांची पोर शाळा सोडून पाच जणांचा स्वयंपाक एकटी करते आणि तिचा भाऊ अंगणात खेळतो, याला संस्कार म्हणू नका. तो अन्याय आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक लेकराला शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे. तो भाकरीसाठी हिरावून घेणे हे अन्नाचेही पाप आहे.

विस्तवाचे भय म्हणाल, तर वयाप्रमाणे काम द्यावे. चार-पाच वर्षांच्या लेकराने कोथिंबीर निवडावी, मटार सोलावेत, पाने मांडावीत. सात-आठ वर्षांच्याने तांदूळ-डाळ धुवावी, पिठल्यासाठी बेसन पाण्यात कालवून गुठळ्या मोडाव्यात. दहाव्या वर्षी भाकरी थापावी. फोडणी आणि कुकर मात्र मोठ्यांनी जवळ उभे राहिल्याशिवाय नको. रोज जमत नसेल तर आठवड्यातून दोन संध्याकाळी करावे. एकादशीच्या उपवासानंतर द्वादशीचे पारणे येते, तो दिवस यासाठी फार चांगला. त्या सकाळी भुकेची आठवण ताजी असते. आणि जेवायला सगळ्यांनी एका वेळी बसावे. रांधणारी मागे राहू नये.

आपल्या सप्ताहाची सांगता काल्याने होते. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, तेव्हा ज्याची त्याची शिदोरी एकत्र मिसळते, आणि कोणता घास कोणाच्या घरचा ते कुणाला कळत नाही. पण काल्यात घालायला प्रत्येक गोपाळाने काहीतरी आणलेले होते, हे विसरू नये. रिकाम्या हाताने आलेल्यालाही तिथे प्रसाद मिळतो, खरे. तरीही शिदोरी सोडून देण्याचा आनंद ज्याने आणली त्यालाच कळतो. तो आनंद आपल्या लेकरांना त्यांच्या घरच्या ओट्यापाशी मिळावा, एवढीच श्रीविठ्ठलचरणी प्रार्थना.

रामकृष्ण हरि.