आरोग्य आणि स्वास्थ्य

‘आरोग्य’ आणि ‘स्वास्थ्य’ हे दोन शब्द व्यवहारात एकाच अर्थाने योजिले जातात. परंतु ज्या घरातील मूल जन्मभराच्या व्याधीने ग्रस्त असते, त्या घराला या दोहोंतील भेद जाणावाच लागतो. रोगाचा अभाव ते आरोग्य; आपल्या ठायी स्थिर असणे ते स्वास्थ्य.

रत्नागिरी जिल्ह्यातील लांजा येथे एखाद्या बालकास पहिल्या प्रकारचा मधुमेह जडला, असे समजावे. या व्याधीत शरीरात इन्सुलिन निर्माण होणे जवळजवळ थांबते. पूर्वी अशी मुले अल्पकाळातच दगावत. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे १४ वर्षांच्या मुलास इन्सुलिन टोचण्यात आले, आणि मृत्यूची ती वाट अडली. व्याधी मात्र गेली नाही. रोजची सुई, साखरेची तपासणी, वेळेवर अन्न, वैशाखात फणसाचे गरे मोजून, पावसाळ्यात वीज गेली की औषध थंड ठेवण्याची विवंचना, हा त्या घराचा नित्यविधी होतो.

आप्तजन विचारतात, ‘बरा कधी होणार?’ प्रश्न मायेचा खरा. परंतु त्या आशेने कोणी नवसावर वा झाडपाल्यावर विसंबून इन्सुलिन बंद केले, तर थोड्याच दिवसांत मूल प्राणास मुकते. दुसरा प्रश्न कुजबुजत येतो, ‘हे कोणाच्या कर्माचे फळ?’ कर्मसिद्धान्त स्वतःचे आचरण शुद्ध करण्यासाठी आहे, मातेस वा बालकास दोषी ठरविण्यासाठी नव्हे. कोणाचे कोणते कर्म फळास आले, हे जाणणे जीवाच्या अधिकारातील नाही. जीवाच्या अधिकारात आहे ती सेवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली अंमलात आलेल्या घटनेत आरोग्य म्हणजे शारीरिक, मानसिक व सामाजिक संपूर्ण सुस्थिती, असे म्हटले आहे. ‘संपूर्ण’ हा शब्द काटेकोर लावल्यास हे बालक आजन्म अस्वस्थच ठरेल. सुश्रुताने स्वस्थाच्या लक्षणात दोष, अग्नी व धातू यांच्या साम्यासोबत आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नताही गणिली आहे. इतरांच्या देहात जे साम्य आपोआप राहते, ते येथे हातांनी राखावे लागते. परंतु राखलेले साम्यही साम्यच होय.

म्हणून ‘बरा झाल्यावर’ या शब्दांवर मुलाचे शिक्षण, खेळ, हौस लांबणीवर टाकू नये. व्याधी मान्य करणे म्हणजे उपचारात ढिलाई करणे नव्हे. जे मूल शाळेत जाते, भावंडांशी भांडते आणि हळूहळू स्वतःची सुई स्वतः टोचून घेण्यास शिकते, ते रोगी असूनही स्वस्थ आहे. हे आईबापांनी ओळखले, तरच ते मुलास ओळखता येईल.