दान की ऋण?

हार्टफर्ड (अमेरिका) येथे १९५३ साली अपस्माराने पीडित, सत्तावीस वर्षांच्या हेन्री मोलेसन यांच्या मेंदूचा दोन्ही बाजूंचा काही अंतर्भाग डॉ. स्कोव्हिल यांनी शस्त्रक्रियेने काढला. झटके कमी झाले. परंतु नवे काही स्मरणात राहीना. २००८ साली ते निवर्तले. तोवर ब्रेंडा मिल्नर प्रभृतींना त्यांच्या परीक्षणातून स्मृतीविषयी अपूर्व ज्ञान लाभले होते. यास कोणी ज्ञानदान म्हणेल. आम्हांस ते पटत नाही. दानास संकल्प लागतो. ज्याचा संकल्प घटकाभरही मनात टिकत नाही, त्याने दान केले असे कसे म्हणावे? हे जगावरील ऋणच होय. म्हणून ज्यास आपला होकार आठवत नाही, त्याचे हित संशोधकांनी प्रत्येक प्रयोगापूर्वी नव्याने पाहावे, एवढेच आमचे म्हणणे.