पुसायची घाई

वडूजमध्ये काका-पुतण्याचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. लग्नं, पुसेगावची सेवागिरी यात्रा, दर 9 सप्टेंबरला 1942 च्या हुतात्म्यांना होणारं अभिवादन, सगळं झेडएफएस ही फाइल सिस्टिम असलेल्या एका सर्व्हरवर साठायचं. पुतण्यानं त्यात डीडुप चालू करून ठेवलेलं. सारखा डेटा एकदाच लिहायचा आणि तो किती ठिकाणी वापरात आहे याची नोंद ठेवायची, एवढीच त्याची युक्ती. आता लग्नांच्या शूटिंगमध्ये सारखं काय सापडणार? पण फुकटात जागा वाचते म्हटल्यावर कोण विचार करतो!

ऐन सीझनच्या तोंडावर जागा संपली. पुतण्यानं 10 टीबीचा जुना डेटासेट, म्हणजे सर्व्हरवरचा एक स्वतंत्र कप्पा, एका कमांडीत उडवला. जागा काही मोकळी होईना; उलट चालू एडिटिंगही अडकलं. घाबरून त्यानं मशीन बंद करून चालू केलं. पुसणं थांबलं होतं तिथूनच पुन्हा सुरू झालं.

तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेले अण्णा रोज पेपर वाचायला दुकानात येत.

“काय रं, तोंड का पडलंय?”

“पुसायला टाकलंय अण्णा, संपंना. लिहायला सुद्धा एवढा वेळ लागला नव्हता.”

“आरं, जुनी रद्दी जाळायला आम्हाला एक काडी पुरायची. पण त्यातला कुठला कागद दुसऱ्या कुणाच्या प्रकरणाला लागतोय, हे बघण्यात दिवसच्या दिवस जायचे. न बघता जाळला, तर एखाद्याचा जमिनीचा पुरावाच जायचा. तुझं मशीनबी तेच बघत आसंल.”

तेच चाललं होतं. 128 केबीचा एक ब्लॉक धरला, तर 10 टीबीत आठ कोटींच्या आसपास ब्लॉक होतात. प्रत्येकाची नोंद शोधायची, वापरणारा एक कमी करायचा आणि शून्य उरलं तरच जागा सोडायची. एका नोंदीला 320 बाइट धरले तरी 25 जीबी रॅम हवी. मशीनमध्ये होती 16. मग नोंद शोधायला हार्ड डिस्ककडे धाव, आणि तिला सेकंदाला अशा शंभरेक नोंदीच झेपतात. वाईटात वाईट हिशोब नऊ दिवसांवर जातो.

“लग्नवाल्यांना काय सांगू?” काका वैतागले.

“खरं ते सांगा,” अण्णा म्हणाले.

काकांनी फोन करून मुदत मागितली. पुतण्या रोज अजून किती जागा मोकळी व्हायची आहे ते दाखवणारा ‘फ्रीइंग’चा आकडा उतरताना बघत राहिला, मशीनला पुन्हा हात लावला नाही. पुसून झालं तेव्हा त्या उडवलेल्या डेटासेटमधलं 9 सप्टेंबरचं चित्रीकरण मात्र शाबूत होतं. त्याची एक प्रत दुसऱ्या डेटासेटमध्ये होती, आणि दोन्हींचे ब्लॉक एकच होते.

आता तिथं दर लग्नाला वेगळा डेटासेट असतो, पुसायचं काम रात्री एकेक करून होतं. डीडुपही बंद केलंय. मात्र ते बंद केलं तरी आधी लिहिलेल्या डेटाच्या नोंदी तशाच राहतात. तो डेटा पुसला किंवा नव्यानं लिहिला, की त्या जातात.