आई दमली तर प्रेम कमी होतं का?

॥ श्री गुरवे नमः ॥



मागच्या गुरुवारी महिला सत्संगात एका ताईंनी विचारलं, "मुलांचं करता करता कधी कधी अगदी वीट येतो. असं वाटणं पाप आहे का हो?" क्षणभर सगळ्या गप्प. मग कोणीतरी म्हणालं, "आईला कसला आलाय थकवा!" सगळ्या हसल्या, आरतीची वेळ झाली आणि प्रश्न तिथेच राहिला. घरी आल्यावर आम्ही दोघं त्यावर बराच वेळ बोललो, कारण याच प्रश्नाने मागच्या हिवाळ्यात आमची परीक्षा घेतली होती. त्यात आम्ही आधी नापासच झालो. म्हणून हे लिहितो आहोत.

मागच्या वर्षी दसऱ्यानंतर आम्ही इंदूरहून लेकीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. नात नऊ वर्षांची, बॅले शिकते. तिकडे नाताळच्या दिवसांत गावोगावी 'नटक्रॅकर' नावाचा बॅले होतो. मूळ रशियाचा, चायकोव्हस्कीचं संगीत, 1892 च्या डिसेंबरात सेंट पीटर्सबर्गला पहिल्यांदा झाला. अमेरिकेत पूर्ण स्वरूपात 1944 साली सॅन फ्रान्सिस्कोला झाला, आणि 1954 मध्ये बॅलन्शिन यांनी न्यूयॉर्कला बसवल्यानंतर तो तिथल्या नाताळाचा भागच होऊन गेला. आपल्याकडे गणपतीत मुलांचे कार्यक्रम असतात ना, तसंच समजा. गोष्टीत एका मुलीला नाताळच्या रात्री लाकडी बाहुला मिळतो, आणि त्या बाहुल्याच्या सैनिकांची उंदरांच्या फौजेशी लढाई होते. आमच्या नातीला काम मिळालं उंदराचं. हे म्हणाले, "वा! गणपतीच्या वाहनाचा मान मिळाला!"

स्टेजवर काम जेमतेम पाच-सात मिनिटांचं. पण त्यासाठी सप्टेंबरपासून प्रत्येक शनिवार-रविवार तालीम. लेक आठवडाभर नोकरी करते, जावई कामासाठी बरेचदा बाहेरगावी. शनिवारी सकाळी भाजी, कपडे, मग पाऊण तास गाडी, तिथे कॉरिडॉरमध्ये घडीच्या खुर्चीवर तीन तास बसायचं, परत पाऊण तास. शिवाय पालकांनी पडद्यामागे सेवा द्यायची, तीही ठरलेले तास. डिसेंबरात तिकडे साडेचारलाच अंधार पडतो. शेवटच्या आठवड्यात तर रोज संध्याकाळी तालीम. कॉरिडॉरमधल्या सगळ्या आया एकमेकींना हसून 'किती मजा येतेय नं' म्हणायच्या, आणि एक बाई मात्र रोज बाहेर गाडीतच झोपलेली दिसायची.

रंगीत तालमीच्या दिवशी लेक नातीचा अंबाडा बांधत होती. बॅलेत एक बटही सुटलेली चालत नाही. जाळी, पिना, स्प्रे. एक पीन जोरात टोचली, नात रडली, आणि लेक ओरडली, "तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं!" मुलीला आत सोडून ती गाडीत येऊन बसली आणि रडायलाच लागली. म्हणाली, "आई, मला नकोसं झालंय हे. आणि नकोसं झालंय याची लाज वाटते."

आता अशा वेळी आईने काय करावं? पाठीवरून हात फिरवावा. आम्ही काय केलं? आम्ही म्हणालो, "आम्ही नाही का केलं तुमच्यासाठी? रामबागेतून तुला कथकला नेत होतो, दोन बस बदलून. कधी दमलो म्हटलं का?"

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग अगदी शांतपणे म्हणाली, "तू म्हणायची नाहीस आई. पण वेणी घालताना तुझ्या हाताच्या ओढीवरून मला कळायचं. मला वाटायचं, मी नाचते म्हणून तू रागावली आहेस."

तीस वर्षं आम्ही ज्याला आपला त्याग समजत होतो, त्याची ही दुसरी बाजू आम्हाला तेव्हा पहिल्यांदा दिसली. थकवा आम्ही बोललो नाही, पण तो हातातून पोचत होताच. फक्त त्याचा अर्थ लेकराने चुकीचा लावला आणि ओझं स्वतःवर घेतलं.

त्या रात्री झोप आली नाही. पारायणात गीतेचा सतरावा अध्याय आपण सगळेच वाचतो. त्यात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. राजस दान कोणतं, तर जे परतफेडीच्या आशेने, फळावर डोळा ठेवून किंवा 'परिक्लिष्ट' होऊन, म्हणजे मनात कष्टी होत दिलं जातं ते. विचार करता करता लक्षात आलं की थकवा आणि हे कष्टी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थकवा शरीराचा आहे. तो पाप नाही, तसा तो पुण्यही नाही. भूक लागावी तसा तो लागतो. कष्टी होणं मात्र हिशेबातून येतं. मी एवढं करते, कोणाला आहे का त्याचं? 'तुझ्यासाठीच चाललंय' हे वाक्य म्हणजे त्या हिशेबाचं बिलच. लेकीने ते नऊ वर्षांच्या पोरीला दिलं. आणि आम्ही? आम्ही तेच बिल तीस वर्षं जपून ठेवलं आणि त्या दिवशी गाडीत लेकीपुढे ठेवलं.

मग कोणी म्हणेल, एवढा त्रास होतो तर सोडून द्यावं. पण अठरावा अध्याय बजावतो की शरीराला कष्ट होतील या भीतीने कर्म टाकणं हाही राजस त्यागच, त्याचं फळ मिळत नाही. इथे मात्र एक गोष्ट नीट पाहायला हवी. मूल वाढवणं हे कर्तव्य आहे. बॅले कर्तव्य नाही. कथक, क्रिकेट, ॲबॅकस, स्केटिंग, यातलं काहीच नाही. ती आपण निवडलेली कामं आहेत आणि निवडलेलं काम कमी करता येतं, वाटून घेता येतं, एखादं वर्ष थांबवताही येतं. आपण मात्र निवडलेल्याला कर्तव्य म्हणतो आणि मग त्याच्या ओझ्याखाली खरं कर्तव्य, म्हणजे लेकराशी गोड बोलणं, तेच राहून जातं. आहार, विहार, झोप बेताची असावी असं सहावा अध्याय सांगतो. ते फक्त साधकांसाठी आहे आणि आयांसाठी नाही, असं कुठेच म्हटलेलं नाही.

आणि वाटून घेण्यात कमीपणा कसला? जनाबाईला दळण जड जायचं तेव्हा विठ्ठल जात्याला हात लावायला आला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. जनी दमली म्हणून तिची भक्ती कमी होती असं कोणी म्हटलंय का? उलट ती दमली म्हणूनच देवाला दळायला मिळालं. जी आई 'मला काही नको, मी करते सगळं' म्हणते, ती दुसऱ्याच्या सेवेची संधी पण काढून घेते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लेकीची माफी मागितली. जरा अवघड गेलं, खोटं कशाला बोला. उरलेल्या तालमींना खुर्चीवर बसायचं काम ह्यांनी घेतलं, जपमाळ घेऊन जायचे. स्वयंपाक आमच्याकडे. लेक त्या वेळात झोपली, नुसती झोपली. अंबाडा बांधताना ती नातीला म्हणाली, "आज मी खूप दमले आहे. पण तुझ्यावर रागावले नाहीये हं." नात म्हणाली, "मग पिना आजीला लावू दे." इतकं सोपं होतं ते!

प्रयोगाच्या दिवशी गंमत झाली. स्टेजवर सगळे उंदीर एकसारखे, तोंडावर मुखवटे. आपली कोणती, काही कळेना. शेवटी आम्ही सगळ्याच उंदरांसाठी टाळ्या वाजवल्या. शेजारची अनोळखी बाईही तसंच करत होती. तिचंही पोर त्यातच असणार. आपलं कोणतं हे माहीत नसताना वाजवलेल्या त्या टाळ्यांत हिशेब नव्हता, एवढं खरं.

यंदा नात परत नाचणार का, हे लेकीने अजून ठरवलेलं नाही. आम्ही विचारत नाही.

तर ताई, तुमच्या प्रश्नाला आमचं उत्तर: दमणं पाप नाही. लपवणं धोक्याचं, आणि बिल लेकराच्या हातात देणं चूक. या आठवड्यात आपण सगळ्यांनी एक करून पाहू या. दमलो की घरात साध्या शब्दांत सांगायचं, कोणाला दोष न देता. आणि घरात कोणी तसं म्हणालं, तर 'आम्ही नाही का केलं' हे वाक्य गिळून टाकायचं. काय अनुभव येतो ते आपापल्या कुटुंबाच्या ग्रुपवर जरूर लिहा.

जय गुरुदेव 🙏